शिकवणाऱ्याने शिकायचे कधी?

"आता या वयात शिकून काय कलेक्टर व्हायचंय का, सर?" नोकरी सांभाळून एम.ए. शिक्षणशास्त्राला प्रवेश घेतलेल्या आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक शिक्षकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेले असते. बोलणारा हसत बोलतो, ऐकणाराही हसतो. पण या थट्टेत एक समजूत दडलेली आहे. शिक्षक हा शिकवणारा माणूस आहे, त्याचे शिकणे नोकरी लागली त्या दिवशी संपले, आणि आता तो पुन्हा पुस्तक उघडत असेल तर त्यामागे पगारवाढ नाही तर बढती, एवढाच हेतू असणार, ही ती समजूत. डॉक्टरने नवे औषध समजून घेतले तर आपण त्याला हुशार म्हणतो. शेतकऱ्याने परभणीच्या कृषी विद्यापीठातून नवे वाण आणले तर त्याला प्रगतिशील म्हणतो. शिक्षकाने शिकायला घेतले की मात्र आपण त्याला हेतू विचारतो.

माझे म्हणणे सरळ आहे. राणीसावरगावसारख्या ठिकाणी पूर्ण वेळ शिकवणाऱ्या शिक्षकाने घरून, मुक्त किंवा ऑनलाइन पद्धतीने शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्यावी. पण ती घेताना त्याने आपला वर्ग सोडून दुसरीकडे बघू नये. आणि सरकारने या शिकण्याला शिक्षकाचा खासगी छंद न समजता शाळेच्या कामाचाच भाग समजावे. या तीन गोष्टी एकत्र आल्या नाहीत तर भिंतीवर आणखी एक चौकट लागेल आणि मुलांना काहीही मिळणार नाही.

आधी रस्ता कसा तयार झाला ते पाहू. राणीसावरगाव हे गंगाखेड तालुक्यातले, बालाघाटाच्या बाजूचे गाव. भोवती वाड्या आणि तांडे. आमचे विद्यापीठ नांदेडला, तेही १९९४ मध्ये झाले. त्याआधी विद्यापीठ म्हटले की औरंगाबाद, आणि ते १९५८ चे. त्याच्याही मागे गेलो तर निजामाचे राज्य आणि हैदराबाद. म्हणजे इथल्या शिक्षकाला पुढे शिकायचे तर एक तर नोकरी सोडा, नाही तर शिकण्याचा नाद सोडा, असाच हिशेब होता. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे घोषवाक्य आमच्याकडे शब्दशः खरे ठरले. पुस्तके टपालाने घरी येऊ लागली. शेतमजूर, अंगणवाडी ताई, पोलीस शिपाई आणि शिक्षक असे सगळे एकाच अभ्यासकेंद्राच्या बाकावर बसू लागले. पुढे मोबाइल आला, कोरोनात सगळ्यांनाच पडद्यावर शिकण्याची सवय झाली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांची एकत्र नियमावली काढली. मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, हे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

नोकरीत असताना नव्याने शिकणे ही मराठवाड्याच्या शिक्षकाला नवलाई नाही. निजामाच्या काळात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होई. १९४८ नंतर चित्र पालटले आणि उर्दूतून शिकलेल्या कित्येक शिक्षकांना, कारकुनांना भर नोकरीत मराठीचे लिखाण पक्के करावे लागले. गंगाखेड तर संत जनाबाईंचे गाव. दळणकांडण हातावेगळे करून मग विद्या, असा क्रम त्यांच्या वाट्याला आला नाही. जाते फिरत असतानाच त्यांची रचना झाली. हातातले काम न सोडता शिकणे या मातीच्या ओळखीचे आहे.

पण ओळखीचे असले म्हणून ते सोपे होत नाही. आपण जरा तासांचा हिशेब मांडू, कारण या विषयावर बोलणारे लोक तासांविषयी बोलतच नाहीत. मुक्त आणि दूरस्थ शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरला जातो. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी साधारण ६४ ते ८० श्रेयांकांची धरली तर १९२० ते २४०० तास होतात. दोन वर्षांचे आठवडे १०४. म्हणजे आठवड्याला किमान १८ तास. आता दुसरी बाजू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा, पूर्वतयारी धरून, किमान ४५ तासांचा आहे. बेरीज ६३ तास. यात शाळेत जायचा-यायचा प्रवास नाही, घर नाही, आजारी आई नाही, स्वतःची मुले नाहीत, रमजानची सहरी नाही की दिवाळीचा फराळ नाही.

शिवाय शाळेचे ४५ तास हे फळ्यासमोरचे ४५ तास नसतात. कायद्याचे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचे काम देऊ नये. प्रत्यक्षात मतदार यादीचे काम वर्षभर पुरते. पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, ऑनलाइन माहिती भरायची, फोटो टाकायचे, लिंक भरायची, आणि 'आजच संध्याकाळपर्यंत' असा संदेश आला की हातातला खडू खाली ठेवायचा. ज्या शाळेत दोनच शिक्षक आणि चार वर्ग आहेत तिथे एक शिक्षक बैठकीला गेला की दुसऱ्याला चारही वर्ग सांभाळावे लागतात. अशा दिवसानंतर रात्री साडेनऊला पियाजे आणि वायगोत्स्की वाचायला बसायचे, त्यात वीज गेलेली, आणि व्हिडिओ मध्येच फिरत राहिलेला. हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

मग लोक हे का करतात? पगार आणि बढती ही कारणे आहेतच, आणि ती लपवण्याची मला गरज वाटत नाही. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, पुढे केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, कुणाला अध्यापक विद्यालयात जायचे असते. हलाल कमाई वाढावी म्हणून मेहनत करणाऱ्याला टोमणा कशाला मारायचा? पण माझ्या पाहण्यात आणखी एक कारण आहे आणि ते कुणी उघड बोलत नाही. पंधरा वर्षे तीच पाठ्यपुस्तके, तेच अहवाल, तीच प्रशिक्षणे, यात शिक्षक आतून कोरडा पडतो. त्याला कुणीतरी प्रश्न विचारावा, त्याचे म्हणणे कुणीतरी तपासावे, असे वाटू लागते. ही तहान खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे.

आता कडू भाग. ही तहान भागवायला निघालेला शिक्षक बऱ्याचदा झेरॉक्सच्या दुकानात पोहोचतो. तिथे मागच्या वर्षीचे स्वाध्याय तयार मिळतात. नाव बदलायचे, पहिले पान बदलायचे, की काम झाले. लघुप्रबंधही मिळतो. 'प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या गणितातील अडचणींचा अभ्यास', जिल्हा बदला, तालुका बदला, आकडे तेच ठेवा. अलीकडे तर दुकानापर्यंत जावेही लागत नाही, मोबाइलला सांगितले की तोच लिहून देतो. वर्गात मुलाने शेजाऱ्याच्या वहीत पाहिले तर त्याला उभे करणारा शिक्षक स्वतःचा स्वाध्याय असा उतरवून काढतो, तेव्हा फसवणूक विद्यापीठाची होत नाही. विद्यापीठाला फी मिळालेली असते. फसवणूक होते ती त्या १९२० तासांची, म्हणजे स्वतःच्या आयुष्याची आणि पुढे त्याच्या हाताखालून जाणाऱ्या मुलांची.

पण यात सगळा दोष शिक्षकावर टाकून मोकळे होणे मला मान्य नाही. ज्या व्यवस्थेत आठवड्याला १८ तास मिळतच नाहीत, तिथे लोक आडवाट शोधणार. आणि ज्या अभ्यासक्रमात प्रश्न असे असतात की त्यांचे उत्तर दिल्लीतून, नाशिकमधून किंवा राणीसावरगावातून दिले तरी एकसारखेच येते, तिथे उतरवणे सोपेच असणार. उतरवता न येणारा प्रश्न एकच असतो, तो म्हणजे तुमच्या वर्गातला.

आणि इथेच आमच्यासारख्या गावांचे भाग्य आहे, असे मला वाटते. हसू नका. शिक्षणशास्त्राचे जे प्रश्न मोठ्या शहरातल्या संशोधकाला शोधत यावे लागते ते आमच्या शिक्षकासमोर पहिल्या रांगेत बसलेले असतात.

पहिला प्रश्न भाषेचा. आमच्या एका वर्गात तीन घरच्या भाषा असू शकतात. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, मुसलमानाचे मूल दखनी बोलते, बाकीची मुले आमच्याकडची मराठी बोलतात, आणि पुस्तकातली मराठी या तिघांनाही थोडी परकीच असते. दखनी बोलणारे मूल 'मेरेकू' म्हणते आणि पुस्तक त्याच्याकडून 'मला' मागते. 'कू' जाऊन 'ला' येतो ही साधी जोडणी कुणी दाखवून दिली तर त्या मुलाचे अर्धे मराठी एका महिन्यात सुधारते. दाखवली नाही तर त्याच मुलावर चौथीपर्यंत 'भाषेत कच्चा' असा शिक्का बसतो. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण घरच्या भाषेचे महत्त्व सांगते. पण दखनीकडून मराठीकडे मूल कोणत्या पायऱ्यांनी येते, हे आमच्याच शिक्षकाने दोन वर्षे वहीत टिपले तर तो अस्सल लघुप्रबंध होईल. तो कोणत्याच झेरॉक्सच्या दुकानात मिळणार नाही.

दुसरा प्रश्न उसाचा. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे हंगाम सुरू होतात आणि आमच्या भागातली कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात. मुले सोबत जातात, किंवा आजीजवळ राहतात, किंवा हंगामी वसतिगृहात. मार्च-एप्रिलमध्ये ती परततात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. परतलेल्या मुलाला नेमके काय विसरायला झाले? वाचन आधी जाते की वजाबाकी? आणि तो फडावर काय शिकून आला? मोळ्या मोजणे, खेपेचा हिशेब, उचल किती आणि फिटली किती, हे गणित त्याच्या डोक्यात असते आणि आम्ही त्याला त्याच दिवसात गणितात नापास समजतो. याचा अभ्यास कोण करणार? ज्याच्या हजेरीपटावर ते नाव आहे तोच करू शकतो.

तिसरा प्रश्न एका शिक्षकाने दोन-दोन वर्ग एकत्र शिकवण्याचा. पुस्तके मानून चालतात की एका खोलीत एक इयत्ता असते. वाडीवरच्या शाळेत तसे नसते. तिसरीचे मूल पहिलीच्या मुलाला वाचायला शिकवते तेव्हा दोघांचेही काय होते, हे पाहायला प्रयोगशाळा उभारावी लागत नाही.

म्हणून मी तरुण शिक्षकांना सांगतो, एम.ए. करा, पण विषय वर्गातून उचला. मानसशास्त्राचा पाठ वाचला तर दुसऱ्या दिवशी त्यातली एक गोष्ट वर्गात करून पाहा. मूल्यमापनाचे प्रकरण वाचले तर स्वतःची प्रश्नपत्रिका त्या कसोटीवर घासून पाहा. असे केले की १८ तासांतले काही तास ४५ तासांमध्येच विरघळतात. अभ्यास आणि नोकरी या दोन बैलांना दोन दिशांना ओढू द्यायचे नाही, एकाच औताला जुंपायचे.

शिक्षिकांविषयी वेगळे बोलले पाहिजे. पुरुष शिक्षक अभ्यासाला बसला की घर म्हणते, त्यांना त्रास देऊ नका. शिक्षिका बसली की घर विचारते, भाकरी झाल्या का? शाळेतून येऊन स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी उरकल्यावर तिचा वेळ सुरू होतो तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात. तरीही मुक्त शिक्षणाचा सगळ्यात मोठा फायदा तिलाच झाला आहे, कारण तिला परगावी राहून शिकण्याची परवानगी मिळणे अवघड होते. आमच्या मुस्लिम घरांमध्ये तर आणखीच अवघड. उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या शिक्षिकेपुढे माध्यमाचाही प्रश्न असतो. तिचे डी.एड. उर्दूतून झालेले, आणि समोरची पुस्तके मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत. उर्दूतून उच्च शिक्षण देण्यासाठी हैदराबादला १९९८ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ झाले, हे तिच्यासाठी मोठेच दार. पण महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या शिक्षिकेने मराठीतूनही शिकावे असे मला वाटते. कार्यालयाचा कागद मराठीत येतो, पालक सभेत निम्मे बोलणे मराठीत चालते, आणि आपल्या मुलांचे म्हणणे व्यवस्थेपर्यंत पोहोचवायचे तर ते त्याच भाषेत मांडावे लागते. घरातल्या पुरुषांना एवढेच म्हणेन की 'इल्म हर एकावर फर्ज आहे' हे जुम्म्याला ऐकून मान डोलवणे सोपे असते. आठवड्यातून तीन रात्री चुलीपुढची जबाबदारी आपण घेतली तर ते ऐकल्याचा काही अर्थ.

एक आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला उत्तर दिलेच पाहिजे. पालक विचारतात, गुरुजी स्वतःच्या परीक्षेत गुंतले तर आमच्या पोरांचे काय? प्रश्न रास्त आहे. मुलांना 'धडा वहीत उतरवा' सांगून स्वतः मोबाइलवर व्याख्यान पाहणारा शिक्षक असेल तर गावाने त्याला जाब विचारावा. शाळेची वेळ ही मुलांची अमानत आहे. तिच्यातून पाच मिनिटेही स्वतःच्या पदवीसाठी काढायचा अधिकार कुणाला नाही. पण याच न्यायाने त्या वेळेतून याद्या आणि लिंकांसाठी तास काढायचा अधिकार सरकारलाही नाही. गावाने दोघांनाही विचारावे.

प्रवेश घेणाऱ्यांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. एम.ए. शिक्षणशास्त्र आणि एम.एड. एक नाहीत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत दूरस्थ पद्धतीचे निकष डी.एल.एड. आणि बी.एड.साठी आहेत, एम.एड.साठी नाहीत. 'घरबसल्या एम.एड.' अशी जाहिरात दिसली की खिशावर हात ठेवा. जे पद डोळ्यासमोर आहे त्याच्या जाहिरातीत कोणती पदवी मागितली आहे ते आधी वाचा. विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी, त्या वर्षासाठी मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहा, एजंटाच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. आपल्या कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्या, नाही तर पदवी हातात आल्यावर सेवापुस्तिकेत नोंद करायला नकार मिळतो. आणि १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ज्यांच्या नोकरीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे आणि ज्यांची टी.ई.टी. झालेली नाही, त्यांनी आधी तिचाच अभ्यास करावा. त्या निकालाने दोन वर्षांची मुदत दिली आहे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे, पण त्याच्या भरवशावर स्वस्थ बसणे शहाणपणाचे नाही. एम.ए. थांबू शकते, नोकरी थांबून चालत नाही.

आता सरकारकडे मागणे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा सगळा महाराष्ट्र नाचला. २०२२ च्या जानेवारीत फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी परदेशी जायला त्यांनी रजा मागितली तेव्हा तो प्रश्न राज्यभर गाजला आणि शिक्षणमंत्र्यांना त्यात लक्ष घालावे लागले. त्यात कुणाचे बरोबर आणि कुणाचे चूक हा माझा विषय नाही. पण एवढ्या नावाजलेल्या शिक्षकाच्या शिकण्याच्या रजेचा निर्णय मंत्र्यांपर्यंत जातो, तर वाडीवरच्या शिक्षकाच्या परवानगीचा कागद कोणत्या टेबलावर किती महिने पडून राहत असेल?

म्हणून परवानगीला मुदत असावी. ठरावीक दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरावे. परीक्षेच्या दिवसांची रजा हक्काची असावी. परीक्षा केंद्र तालुक्याला असावे, म्हणजे शिक्षिकेला पहाटेची बस पकडून जिल्ह्याला धावावे लागणार नाही. राष्ट्रीय धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाचे करावेत असे म्हटले आहे. जो स्वतः होऊन वर्षाला नऊशे-हजार तास अभ्यास करतो, त्याला पुन्हा त्या ५० तासांच्या क्लिकांसाठी कशाला बसवायचे? त्याचे तास मोजून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचे, दर महिन्याच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत अशा शिक्षकाला त्याचा लघुप्रबंध मांडायला सांगा, कपाटात ठेवायला नको. समोर त्याच भागातले चाळीस शिक्षक बसलेले असताना झेरॉक्सचा प्रबंध वाचायची हिंमत कुणी करणार नाही. 'तुमच्या शाळेत इतकी मुले कुठून आली, सर?' हा एक प्रश्न कोणत्याही तोंडी परीक्षेपेक्षा कडक असतो. आणि ज्याने खरे काम केले असेल त्याचे निष्कर्ष दुसऱ्याच सोमवारी आणखी दहा शाळांत पोहोचतील.

या शेवटच्या मागणीला सरकारी आदेशाचीही गरज नाही, ना पैशाची. केंद्रप्रमुखाने ठरवले तर पुढच्या महिन्यापासून सुरू होऊ शकते. उसाच्या फडावरून परत येणारी मुले मार्चमध्ये शाळेच्या दारात उभी राहणारच आहेत. त्यांना कुठून शिकवायला सुरुवात करायची, हे तोपर्यंत कुणीतरी नीट शिकून ठेवलेले असावे.